कुऱ्हाडीचं झबलं

विजेच्या मोठ्या तारा डोंगरावरून जातात, त्यांच्याखालची झाडी वाढू द्यायची नाही, हे त्या टोळीचं काम. मोठी झाडं यंत्राच्या करवतीने पाडायची आणि मग फांद्या छाटायला प्रत्येकाजवळ एकेक हातकुऱ्हाड. दांडा हातभर, पण पातं असं की मनगटावरचे केस साफ निघावेत. आता असली वस्तू घेऊन रोज चढ-उतार करायचा म्हटल्यावर कुणीही शहाणा माणूस आधी तिची धार झाकेल. पण या टोळीत शहाण्यांची भरती होत नव्हती. इथे कुऱ्हाड उघडीच न्यायची, खांद्यावर टाकून नाहीतर पाठीमागे पट्ट्यात खोचून.

आणि दुसरा नियम त्याहून थोर. चालताना कुऱ्हाड भुईला लागता कामा नये. ज्याच्या हातून पडली त्याने त्या दिवशी सगळ्यांच्या कुऱ्हाडी पोत्यात भरून वाहायच्या, सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं आणि कुणीही येता-जाता टपली मारली तरी हसायचं. चिडला तर दुसऱ्या दिवशीही पोतं त्याचंच. हा नियम टोळीच्या म्होरक्याचा, दादाचा. आपल्या बापाने घालून दिलाय असं तो सांगायचा, पण बाप मेला होता आणि मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपून जातं.

दादाच्या धाकट्या बहिणीचा नवरा याच टोळीत होता. त्याला सगळे 'पाहुणे' म्हणत, अगदी 'अहो-जाहो' करून, म्हणून आपणही तसंच म्हणू. पाहुणे तीन वर्षं राबत होते, तरी नोकरीत अजून कच्चेच. नवरा-बायको दादाच्या घरामागच्या खोलीत राहत. त्या खोलीत अर्ध्या जागेत दादाचे जुने टायर आणि रंगाचे डबे होते, आणि नळ सोडायचा तर आधी वहिनीला विचारावं लागे. पक्क्या माणसाला कंपनीच्या वसाहतीत दोन खोल्या मिळत. या वर्षी एक पक्की जागा रिकामी झाली होती आणि नाव दादाने सुचवायचं होतं. पाहुण्यांना त्या दोन खोल्यांपुढे काही दिसत नव्हतं. बायकोने तर पडद्यांचा रंगही ठरवून टाकला होता.

पाहुणे इकडे-तिकडे बघत चालायचे, त्यामुळे पट्ट्यात खोचलेल्या पात्याने त्यांच्या पाठीवर एक लांब ओरखडा काढला. बायकोने औषध लावलं. ती बॅगा दुरुस्त करायच्या दुकानात शिवणकाम करायची. तिथून जाड चामड्याचा तुकडा मागून आणला आणि कुऱ्हाडीला खोळ शिवली. धारेच्या बाजूला आतून चामड्याची आणखी एक पट्टी, म्हणजे पात्याने टाके कापले जायला नकोत. वरून टिचबटणाचा पट्टा. मागे कमरेच्या पट्ट्यात ओवायला रुंद फास, म्हणजे पातं कमरेशी बसेल आणि दांडा मांडीलगत खाली लोंबेल. दांडा गुडघ्यावर आपटू नये म्हणून मांडीला बांधायला एक बारीक बंद.

पाहुण्यांनी ती खोळ लावून खोलीत फेऱ्या मारल्या. उकिडवे बसले, उठले, टायरांवर चढून खाली उतरले.

"अहो, टोचतंय का कुठे?"

"छे गं! कमरेला काही आहे की नाही तेच कळत नाही."

बायको इतकी खूश झाली की तिने त्यांच्याकडून आणखी एकदा टायरांवर चढून दाखवून घेतलं.

सकाळी ट्रकमधून उतरता उतरता टकल्याने पाहिलं. टकल्या म्हणजे दादाचा उजवा हात, नोकरीत मात्र पाहुण्यांसारखाच कच्चा. दादा शिंकला तर हा नाक पुसायचा.

"दादा, ओ दादा! पाहुण्यांनी कुऱ्हाडीला झबलं शिवलंय!"

सगळी टोळी गोळा झाली. दादा सावकाश आला. तो कधी ओरडायचा नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने दोन बोटांनी खोळीचा पट्टा उचलून पाहिला.

"आमच्या बहिणीने शिवलं?"

"हो, म्हणजे... पाठीला लागत होतं म्हणून."

"छान शिवलंय. बाळाला गार वारा लागायला नको."

"तीन वर्षांत खरं बाळ कुठे झालंय?" टकल्या म्हणाला. "मग काय, कुऱ्हाडीलाच झबलं-टोपडं!"

टोळी खो खो हसली. दादाही हसला. सख्ख्या बहिणीवरचा विनोद होता, तरी हसला. आणि सगळे हसताहेत म्हटल्यावर पाहुणेही हसले. मला त्या माणसाची कीव येते, पण हे हसणं मी त्याला माफ करू शकत नाही.

चहासाठी जाळ पेटवला होता. दादाने मान तिकडे वळवली. "काय करायचं ते तुम्हीच ठरवा, पाहुणे. शनिवारी मला एक नाव द्यायचंय. आता झबलेवाल्याचं नाव घेऊन गेलो तर मलाच हसतील की नाही?"

पाहुण्यांनी टिचबटण उघडलं, फास सोडवला, मांडीचा बंद सोडला आणि खोळ स्वतःच्या हाताने जाळात टाकली. चामडं जळताना फार घाण वास येतो. त्या वासातच सगळ्यांनी चहा घेतला.

घरी गेल्यावर ते बायकोला म्हणाले, "हरवली कुठेतरी."

"जाऊ दे, दुसरी शिवते."

"नको म्हटलं ना! एकदा सांगून कळत नाही तुला?"

तिने भांडी घासायला घेतली.

शुक्रवारी दुपारी टोळी वरच्या पट्ट्यातलं काम आटोपून उतरत होती. पाहुण्यांना लहानपणी त्यांच्या मामाने कुऱ्हाड कशी न्यायची ते शिकवलं होतं. हातात पात्याच्या लगत धरायची, धार पुढे, हात सरळ खाली सोडायचा, आणि उताराच्या अंगाच्या हातातच धरायची. पाय घसरला तर आधी कुऱ्हाड लांब फेकायची, मग खुशाल पडायचं. पाठीवरचा ओरखडा अजून दुखत होता म्हणून त्या दिवशी त्यांनी ती तशी धरली होती.

मागून दादाचा आवाज आला. "पाहुणे, बाजारात भाजी आणायला निघालात का? पिशवी धरल्यासारखी काय धरलीय? खांद्यावर घ्या."

पाहुण्यांनी खांद्यावर घेतली.

वाटेत एक सोललेला ओंडका आडवा पडला होता. साल निघालेलं ओलं लाकूड साबणासारखं गुळगुळीत होतं. सगळे ओलांडून गेले. पाहुण्यांनी मात्र त्यावर पाय दिला, आणि पाय सटकला. मामाने शिकवलेलं अंगात भिनलेलं होतं, त्यामुळे उजव्या हाताची मूठ आपोआप उघडली आणि कुऱ्हाड सुटली. तिला जाऊ दिलं असतं तर ती घरंगळत झुडपात गेली असती आणि पाहुण्यांचं ढोपर फुटलं असतं, बस. पण त्यांना आठवलं पोतं, आणि दुसऱ्या दिवशीचा शनिवार. त्यांनी डावा हात पुढे केला आणि पडता पडता कुऱ्हाड अधांतरी झेलली. दांडा हाताला लागला नाही, पातं लागलं. मग वरून पाहुण्यांचं सगळं अंग त्यावर आलं.

कुऱ्हाड भुईला लागली नाही. तिच्या आणि खालच्या दगडाच्या मधे पाहुण्यांचा हात होता.

"नाही लागली!" पालथे पडल्या पडल्याच ते ओरडले. "दादा, बघा, नाही लागली!" मग त्यांनी हाताकडे पाहिलं.

टकल्याने गवतात शोधाशोध केली. एक बोट सापडलं, बाकीची सापडली नाहीत. दादाने आपला शर्ट फाडून हात बांधला, ट्रकमध्ये त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आणि ड्रायव्हरला वाटभर शिव्या घालत दवाखाना गाठला. एवढं त्याने केलं, ते नाकारायचं कारण नाही.

शनिवारी संध्याकाळी दादा आणि टकल्या भेटायला आले. बायको खाटेच्या पायथ्याशी बसली होती. कालपासून तिने घरही पाहिलं नव्हतं.

"दादा, भुईला नाही हं लागली," पाहुणे उठून बसायची धडपड करत म्हणाले. "विचारा टकल्याला."

"नाहीच लागली. मानलं तुम्हाला."

पाहुण्यांचा चेहरा असा खुलला की बायकोला क्षणभर वाटलं, ताप चढला. "मग... नावाचं काय झालं?"

"टकल्याचं दिलं." दादाने स्टूल ओढून घेतलं. "अहो, एका हाताने फांदी धरणार की छाटणार? मला काय आनंद झालाय का? पण काम बघायला लागतं."

टकल्या खिडकीबाहेर बघू लागला. पाहुण्यांनी मान डोलावली. बरोबरच आहे, असं म्हणालेसुद्धा.

बायकोच्या तोंडून शब्द फुटला तो तेव्हा. "दादा, ती खोळ हरवली नसती ना, तर कुऱ्हाड यांच्या कमरेला असती. मी म्हणत होते दुसरी शिवते."

"हरवली?" दादा म्हणाला. "यांनीच जाळात टाकली की. हसत हसत टाकली. विचार ना."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. दादाही पाहत होता, टकल्यानेही मान वळवली. खरं बोलायला पाहुण्यांना कुणी अडवलं नव्हतं. जागा गेली होती, हात गेला होता, आता भ्यायला उरलं होतं तरी काय? पण ते घाबरलेच.

"तुझ्यामुळे झालंय हे सगळं," ते बायकोवर खेकसले. "तू ते झबलं शिवलं नसतंस तर माझ्यावर काही करून दाखवायची वेळच आली नसती. पोर होत नाही घरात, आणि चालली झबली शिवायला!"

टकल्याला हसू आवरलं नाही. दादाने पाहुण्यांच्या खांद्यावर थोपटलं, "जाऊ द्या, बायकांना काय कळतंय," म्हणाला, आणि निघताना बहिणीला बाजूला घेऊन सांगितलं की मागच्या खोलीचं आता बघायला लागेल, वहिनीला सामानाला जागा हवी आहे.

दोघं गेल्यावर नर्स धुतलेला शर्ट देऊन गेली. बायकोने तो पाहुण्यांना चढवला. बांधलेला हात बाहीतून नेताना ते कण्हले तशी ती थांबली, मग पुन्हा हळूच ओढला. खालून एकेक गुंडी लावत ती वर आली. त्यांच्याकडे ती बघत नव्हती.

"ऐक ना," ते हलक्या आवाजात म्हणाले. "दादा चिडले तर नाहीत ना गं माझ्यावर?"

"नाही," ती म्हणाली आणि गळ्याची गुंडी लावली.