टेकड्यांवर ठेवलेल्या वस्तू

रविवार उजाडला की नवनाथ पाठीवरची पिशवी भरायला घ्यायचा आणि यशोधरा काही न विचारता भाकऱ्या थापायला बसायची. कुठं जायचं ते त्यानं सांगायचं, तिनं ऐकायचं. कधी जुन्नरला मानमोडीच्या लेण्यांच्या वर, कधी नारायणगडाच्या मागच्या सोंडेवर, कधी पार आंबेगावात आहुप्याच्या कड्यापाशी. तिला सगळ्या टेकड्या सारख्याच. चढायचं, घाम पुसायचा, उतरायचं. घरात बसलं की भिंती अंगावर येतात, असं नवनाथ म्हणायचा. तिच्या अंगावर काहीच येत नव्हतं, भिंती नाहीत की डोंगर नाहीत. तरी ती जायची, कारण नाही म्हणायला माणसात जे लागतं, तेही तिच्यापाशी उरलं नव्हतं.

हा नाद त्याला जयवंतनं लावला. जयवंत त्याचा डिप्लोमाच्या वेळचा मित्र, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर तो घरी आला आणि तळहातावर मावेल असं एक पिवळं यंत्र नवनाथच्या हातात ठेवून म्हणाला, "मी नवीन घेतलंय. हे तू वापर." यंत्रात आकडे टाकायचे, ते आभाळातल्या उपग्रहांना विचारून दिशा दाखवणार, आणि तिथं दगडाखाली, झाडाच्या ढोलीत कुणीतरी लपवलेला डबा सापडणार. डब्यात बारीकसारीक वस्तू असतात. आपण एक घ्यायची, आपली एक ठेवायची, डबा होता तसा झाकायचा आणि इंटरनेटवर कळवायचं. जगभर लोक हा खेळ खेळतात म्हणे. नवनाथ पाटबंधारे खात्यात आरेखक, त्याला नकाशांची आवड आधीपासूनच. नारायणगावात स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत बसून तो आकडे उतरवून आणायला लागला. आपल्या भागात डबे थोडेच होते, ते सापडून संपले तेव्हा त्यानं स्वतःच डबे ठेवायला सुरुवात केली.

त्यांची मुलगी प्रतीक्षा त्याआधीच्या पावसाळ्यात गेली होती. सहा वर्षांची. ताप आला, तो डोक्यात चढला, नारायणगावातून पुण्याला नेईपर्यंत तिची शुद्ध गेली आणि पुन्हा आलीच नाही. पुण्यानुमोदनाच्या विधीला पिंपळवंडीहून सगळी भावकी आली, भन्तेजींनी सूत्रपठण केलं, सासूबाई फुलाबाई ऊर बडवून रडल्या. यशोधरा रडली नाही. नंतर येईल रडू, असं बायका म्हणाल्या. ते आलं नाही. बाजारपेठेत तिचं शिवणकामाचं दुकान होतं. जूनमध्ये शाळेचे गणवेश शिवायला येतात, त्यात पहिलीच्या पोरींचे पिनाफोरही येतात. ते तिनं मापं घेऊन, काजं-बटणं करून वेळेवर दिले. बारक्या पोरींच्या पाठीला टेप लावताना आपल्याला काहीतरी व्हायला पाहिजे, हे तिला कळत होतं. होत काहीच नव्हतं. एखादं बोट झोपेत अंगाखाली येऊन बधिर व्हावं, तसं तिचं सगळंच झालं होतं. घरात मुलीचं नाव दोघंही घेत नव्हते. ठरवून नव्हे. एकानं घेतलं नाही म्हणून दुसऱ्यानं घेतलं नाही, आणि मग ती सवयच पडली.

प्रतीक्षाच्या वस्तू बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात घालून कपाटावर ठेवल्या होत्या. पुढच्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला, एका रविवारी सकाळी, यशोधरानं सुयांचं जुनं पाकीट शोधायला म्हणून तो डबा खाली काढला. तो हाताला हलका लागला. उघडून पाहिला तर तळाशी एक खोडरबर, एक मोजा आणि शाळेचं ओळखपत्र. बाकी काही नाही.

नवनाथ बुटाची नाडी बांधत होता. तिनं डबा त्याच्यासमोर धरला.

"यातलं सगळं कुठं गेलं?"

त्यानं नाडी अर्धी सोडली.

"ठेवलं," तो म्हणाला. "डोंगरांवर. एकेक."

"त्या खेळातल्या डब्यांत?"

"हां. क्लिपा, शिट्टी, तो चेंडूवाला किल्लीचा गोंडा... सगळं." नाडी ओढत तो म्हणाला, "घरात नजरेला पडायचं, यशू. फेकवत नव्हतं. कुणाच्या पोरांना द्यायलाही जीव होईना. म्हटलं, कुणीतरी लांबून येईल, शोधील, उचलून नेईल. हौसेनं नेईल. शिट्टी नाशिकच्या एका पोरानं नेली, तिथनं ती मनालीला गेली. त्यानं फोटो टाकलाय. बर्फ आहे मागं."

"बरं," यशोधरा म्हणाली.

तिनं झाकण लावून डबा परत वर ठेवला आणि भाकऱ्या फडक्यात बांधल्या. त्या दिवशीही ते दोघं डोंगरावर गेले. तिला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. चालताना एवढंच मनात आलं, की मनालीला आपण कधी गेलेलो नाही.

पण काही आठवड्यांनी कापड कापता कापता तिला पैंजण आठवलं. एक जानेवारीला भीमा कोरेगावच्या स्तंभाला गेले होते, तिथल्या दुकानातून घेतलेलं. चांदीचं नव्हे, साध्या पांढऱ्या धातूचं, पण घुंगरं दाट. प्रतीक्षा ते घालून मुद्दाम पाय आपटत चालायची आणि यशोधरा ओरडायची, "अगं, डोकं उठलं माझं, काढ ते." नवनाथला विचारलं तर तो म्हणाला, "एक आहुप्याला ठेवलं होतं, ते कुणीतरी नेलं. दुसरं येडगावच्या धरणावरच्या टेकडीवर. ते अजून असेल, तिथं फारसं कुणी जात नाही."

मग एका मंगळवारी तिनं दुकान उघडलंच नाही. नवनाथ कचेरीत गेल्यावर येडगावचे आकडे साठवलेलं पिवळं यंत्र पर्समध्ये टाकलं आणि येडगावच्या जीपमध्ये बसली. आपण हे का करतोय, ते तिला सांगता आलं नसतं. पैंजण हवं होतं असंही नव्हतं. नवनाथशिवाय ती टेकडीवर कधी चढली नव्हती. काटेरी झुडपांमधून, पायाखालचा मुरूम घसरत असताना, ती यंत्रावरच्या बाणाच्या मागं मागं गेली. खाली धरणाचं पाणी पसरलेलं होतं, त्यावर ऊन. यंत्रानं टूं केलं तिथं तीन दगड बाजूला सारलेले होते आणि मधली खोबण रिकामी होती.

ती दगडावर बसली. आता उतरायचं, असं मनात म्हणत होती, तेवढ्यात टेकडीच्या पलीकडच्या उतारावरून छुन्-छुन् असा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. तिनं तो लगेच ओळखला. ओळखला म्हणजे कानानं ओळखला. छातीत काही हललं नाही.

पलीकडं मेंढरं चरत होती. जरा खाली, धनगराच्या जाळीच्या कुंपणाशेजारी, एक बाई तीन दगडांच्या चुलीवर चहा उकळत होती, आणि तिच्या भोवती एक बारकं कोकरू उड्या मारत होतं. त्याच्या गळ्यात पैंजण.

"या बाई, या," ती बाई म्हणाली. तिचं नाव सुंदरा. नवरा ज्योतिबा मेंढरांच्या पुढं गेला होता. "सरकारी का? झाडं मोजाय आलाव?"

"नाही. नारायणगावहून आले. इथं वर एक डबा होता."

"पलाश्टिकचा? त्यो व्हय! आमीच आणला. दगडाखाली कोन ठेवतंय म्हटलं, कोनीतरी इसरलं आसंल. लई झ्याक डबा हाय, पानी जात न्हाई आत." सुंदरानं शेजारचा डबा उचलून दाखवला. त्यात साखर होती. "त्यात एक वही व्हती, ती चुलीला घातली. वल्लं सरपान पेटंना. आन् एक किल्लीचा गोंडा हाय, त्यो ह्यांच्या पटक्यात आसंल. तुमचा व्हता का डबा? साखर काडून देऊ?"

"डबा राहू दे." यशोधरानं कोकराकडं बोट केलं. "ते गळ्यातलं... माझ्या मुलीचं आहे."

"आगं बया." सुंदरानं कोकराला पायाशी ओढलं. "ह्याची आय मेली बगा. दुसरीला लावलं तर ह्ये आपलं भटकतंय, कुटंबी जातंय. वाजाय लागलं तर कळतंय तरी, म्हून बांदलं. थांबा, सोडते. पोरीनं हट्ट धरला आसंल घरी."

"ती वारली."

सुंदरानं कोकराला गुडघ्यांत धरलं. मग तिनं गाठ सोडली, पैंजण पदरानं पुसून यशोधराच्या हातावर ठेवलं.

"काय नाव व्हतं?"

यशोधरानं तोंड उघडलं. नाव आत कुठंतरी खोल पडलं होतं, ते वर यायला वेळ लागला. "प्रतीक्षा," ती म्हणाली. आवाज तिलाच परका वाटला.

"परतिक्षा," सुंदरा म्हणाली, जिभेवर घोळवून पाहिल्यासारखं. "चांगलं हाय. कोन म्हनतंय का आता त्या नावानं?"

"नाही. कुणी नाही."

"म्हनावं. आमची एक पोर गेली, गोदी. मी अजून हाका मारते मेंढरांमागं, ये गोदे, वाट सोड. लोक हासत्यात. हासू द्या." तिनं चहा गाळला. "जरा ह्याला धरता का? दुसरं कायतरी बांदते, न्हाईतर जायचं लांडग्याच्या तोंडात."

यशोधरानं कोकराला मांडीवर घेतलं. ते लटपटत होतं, त्याचं काळीज तिच्या तळव्याखाली धाडधाड उडत होतं. सुंदरा जुन्या बॅटरीचं पत्र्याचं झाकण आणि एक खिळा दोरीला बांधत असताना कोकरू यशोधराच्या साडीवर मुतलं. ऊन ऊन पाणी मांडीवरून खाली ओघळलं. सुंदरा खो-खो हसायला लागली. यशोधरा हसली नाही, पण साडी लगेच झटकायलाही उठली नाही. चहा पिऊन झाल्यावर ती उतरली. वाटेत दोनदा मुठीत पैंजण दाबून पाहिलं. धातू होता, टोचत होता, एवढंच. दुकानात जाऊन तिनं ते मशीनच्या खणात, बॉबिनांच्या शेजारी टाकलं.

नवनाथला तिनं त्याच दिवशी सगळं सांगितलं. सुंदराबद्दल, साखरेबद्दल, चुलीत गेलेल्या वहीबद्दल. "पैंजण ठेवून घेणारेस?" त्यानं विचारलं. "हो," ती म्हणाली. त्यापुढं बोलणं गेलं नाही. ती मुलीचं नाव घेणार होती, तिनं मनात दोनदा जुळवलंही, पण जेवणाची ताटं वाढायची होती.

फेब्रुवारीत ते डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला गेले. तिथं नवनाथनं वर्षभरापूर्वी ठेवलेला एक डबा होता आणि तो सापडत नाही, असं कुणीतरी इंटरनेटवर कळवलं होतं. जागा त्याच्या ओळखीची होती, तरी डबा दिसेना. करवंदीच्या जाळीत त्यानं हात घातले, दगड उलटले, यंत्र बंद करून चालू केलं, पुन्हा पहिल्यापासून चालत आला. यशोधरा सावलीत बसून पाण्याकडं बघत होती. थोड्या वेळानं मागं हालचाल थांबली म्हणून तिनं वळून पाहिलं. नवनाथ गुडघ्यांवर बसला होता, हात मातीनं माखलेले, आणि मान खाली घालून मोठमोठ्यानं रडत होता.

"सापडत नाय," तो म्हणत होता. "सापडत नाय गं कुठंच."

"काय होतं त्यात?"

"चष्मा. तो लाल, काचा नसलेला. ती घालून पेपर वाचायची."

यशोधरा उठून त्याच्यापाशी गेली. आपण त्याच्या पाठीवरून हात फिरवणार आहोत, असं तिला वाटत होतं. पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं, आणि इतक्या जोरात, की खालच्या झाडीतले पारवे उडाले.

"मला विचारलं होतंस? एकदा तरी? चष्मा दिलास, क्लिपा दिल्यास, सगळा डबा रिकामा केलास! माझी नव्हती का ती?"

लग्नाला अकरा वर्षं झाली होती, ती त्याला कधी अरेतुरे बोलली नव्हती. नवनाथनं ओलं तोंड वर केलं.

"विचारायला तू होतीस कुठं?" तोही ओरडला. "घरात फिरत होतीस नुसती. मी कुणाशी बोलू? भिंतीशी?"

"मग भिंतीशी बोलायचं! नाव घ्यायचं तिचं! तिकडं कुणी धनगरीण नाव घेते आणि बाप घेत नाही!"

"तू तरी घेतलंस का?"

राग पोटातून वर येत होता, कानात घुमत होता, आणि किती दिवसांनी अंगात काहीतरी येत होतं, हेही त्याच वेळी तिला कळत होतं. तिनं हाताला आलेला दगड उचलून उतारावर भिरकावला. मग दुसरा. तिसऱ्या दगडाला तिचा खांदा लचकला आणि ती मटकन खाली बसली.

हातांची माती झटकत नवनाथ म्हणाला, "प्रतीक्षाला दगड मारता यायचा नाही. मागंच पडायचा."

"तुझ्यावर गेली होती," यशोधरा म्हणाली.

डबा सापडला नाही. दोघं उतरून रस्त्याला लागले तेव्हा एसटी निघून गेली होती, मग एका दुधाच्या टेम्पोनं त्यांना घोडेगावपर्यंत सोडलं. स्टँडवर यशोधराला भूक लागली, तिनं गरम भजी घेतली, जीभ पोळून घेतली आणि आणखी एक प्लेट मागवली. नारायणगावच्या गाडीत खिडकीची जागा रुमाल टाकून कुणा पाहुण्यांनी धरून ठेवली होती. "रुमालाला काय तिकीट काढलंय का?" असं म्हणून तिनं त्यांच्याशी कंडक्टर मधे पडेपर्यंत भांडण केलं आणि जागा घेतली. नवनाथ उभाच होता. मंचर मागं पडलं तशी तिच्या शेजारची म्हातारी उतरली. यशोधरानं सरकून त्याला बसायला जागा केली. तो बसला, आणि पुढच्या रविवारी कुठं जायचं, हे पहिल्यांदाच त्यानं तिला विचारलं.

"घरी बसू," ती म्हणाली. "बघू भिंती काय करतात."