फुल्यांखालची हळद

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो, पण माझ्या अंगावर एकही रंग नाही. नुसते ठिपके, आडव्या रेघा आणि फुल्या! सत्तरच्या दशकात सांगलीच्या एका कॉलेजात विनोदिनीबाई भूगोल शिकवत. कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिण्याचं त्यांना भारी वेड. कृष्णाकाठच्या एका गावातली जमीन कुठे उंच, कुठे सखल, याची मापं त्यांनी कार्डांवर भोकं पाडून भरली आणि पुण्याच्या एका कॉम्प्युटरला चारली. त्याने खडखडाट करत मला छापलं. ठिपका म्हणजे उंच जागा, रेघ म्हणजे मधली आणि फुली म्हणजे सखल, जिथे पुराचं पाणी आधी शिरेल.

बाईंनी मला कपाटात न ठेवता त्या गावच्या शाळेच्या भिंतीवर लावलं. कौतुक तर दूरच, नाथाजी नावाचे शेतकरी मला पाहून संतापलेच. नदीजवळ त्यांचं पेव होतं. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीखालचा खोल खड्डा. त्यात त्यांची वर्षाची हळद होती आणि नेमकी तिथेच फुली!

"बाई, आमच्या पेवावर काट मारली व्हय? पुसा की ती!"

मला तर रागच आला. बाई मात्र चिडल्या नाहीत. दर रविवारी एस.टी.ने येऊन त्या गावकऱ्यांना मला वाचायला शिकवू लागल्या. नाथाजी फिरकत नसत, पण त्यांची बायको चंद्राबाई न चुकता येई. माझ्यावर बोट फिरवत आपलं घर, विहीर, पेव शोधण्यात तिला फार मौज वाटे.

एका श्रावणात कोयनेकडे धुवाधार पाऊस झाला आणि कृष्णा फुगली. सांगलीचा रस्ता बंद झाला. आता बाई येणार कशा?  पेवात पाणी शिरलं तर हळद कुजणार आणि त्या घराची वर्षाची मेहनत मातीत जाणार.

चंद्राबाईने मला भिंतीवरून उतरवलं आणि घोंगडीत गुंडाळून पेवापाशी नाथाजींकडे नेलं.

"आवं, उघडा पेव. पाणी आधी हितंच येतंय."

"पावसात पेव उघडतंय का कुनी? भिजंल की समदी!"

"भिजली तर वाळवू. बुडाली तर काय करायचं?"

 नाथाजींनी कुदळ उचलली. आतली हवा तपासायला आधी पेटता कंदील सोडला. तो विझला नाही, तेव्हा माणसं उतरली. हळदीच्या पाट्या ठिपक्यांवरच्या शाळेत जाऊ लागल्या. ते पाहून फुल्यांवरचे शेजारीही आपापला माल हलवायला धावले. संध्याकाळी त्या पेवावर पाणीच पाणी होतं, आणि शाळेत हळदीचा ढीग. मला रडू फुटायचंच बाकी होतं!

पूर ओसरल्यावर बाई धापा टाकत आल्या. शाळेत चंद्राबाई शेजारणींना माझ्यावरची एकेक फुली दाखवत होती. बाईंना पाहून ती म्हणाली, "बसा बाई. आज मी सांगतीया."

बाई डोळे पुसत बायकांमध्ये जाऊन बसल्या.

मित्रांनो, माझा कागद आता पिवळा पडलाय, घड्यांवर फाटलाय. मला जपा, पण कुलपात ठेवू नका. मला उघडा, वाचा आणि शेजाऱ्यालाही वाचायला शिकवा.