टेस्टर चालू आहे

वायरमनच्या वर्गाचे सर त्या दिवशी सकाळपासून कुणाशी धड बोलत नव्हते. प्रॅक्टिकलची परीक्षा होती आणि परीक्षेला त्यांची सख्खी भाची होती. त्यात पोरीचे वडील, म्हणजे सरांचे भावोजी, बाहेर बाकावर येऊन बसलेले. मुलीने खांबावर चढायचं, तारा जोडायच्या, हे त्यांना पहिल्यापासून पटलेलं नव्हतं. पोरीच्या आईने, म्हणजे सरांच्या ताईने, रडून-भांडून त्यांच्याकडून एक वर्ष मिळवलं होतं. पास झाली तर सोमवारपासून वीज कंपनीत, नापास झाली तर गुपचूप वडिलांच्या दुकानात. भावोजी शब्दाचे पक्के, आणि असली माणसं नेमका नको तो शब्द पाळतात.

पोरगी हुशार होती, त्यात वादच नाही. वर्गात तिला सगळे ‘रेडिओ’ म्हणत, कारण कामाच्या पायऱ्या विचारल्या की ती श्वास न घेता सुरू व्हायची. आधी बोर्डाचा मेन बंद, मग टेस्टर भिंतीवरच्या दुसऱ्या, चालू सॉकेटमध्ये घालून तो पेटतो का ते बघायचं, मग बोर्डाला लावून वीज गेल्याची खात्री करायची, मगच तारेला हात. ती बोलत जायची, सर मान खाली घालून गुण देत जायचे आणि आत कुठेतरी सुखावायचे. भाची कुणाची!

पण गेल्या आठवड्यात त्यांच्या मनात पाल चुकचुकली. एका पोराने टेस्टर सॉकेटमध्ये घातला, ‘चालू आहे’ म्हणाला, आणि सहज सरांनी वर पाहिलं तर पठ्ठ्या खिडकीबाहेर बघत होता. तेव्हापासून सरांना चैन नव्हतं. म्हणून आज त्यांनी एक खोडी केली. बल्ब गेलेला टेस्टरच सगळ्यांच्या हातात द्यायचा. असला टेस्टर कुठेही लावा, पेटायचा नाही; तारेत वीज खेळत असली तरी तो ‘नाही’च सांगणार. जो खरंच बघेल तो सॉकेटपाशीच अडेल आणि दुसरा टेस्टर मागेल. तो पास. कुणाच्या जिवाशी खेळ नको म्हणून बोर्डाची वीज सरांनी स्वतः आधीच तोडून ठेवली होती.

पायऱ्या सांगताना हमखास अडखळणारा एक जण आला, टेस्टरकडे डोळे फाडून बघत राहिला आणि चाचरत म्हणाला की हा मेला पेटतच नाही. सरांनी त्याची पाठ थोपटली. मग रेडिओची पाळी आली.

ती आली, बाह्या सारल्या, मेन बंद केला आणि तोंड सुरू झालं. टेस्टर तिने सॉकेटमध्ये घातला. सरांचा जीव टांगणीला लागला. बघ गं बाई, एकदा खाली बघ. आपण नुसतं खोकलो तरी ती दचकून बघेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ताईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. खोकला घशापर्यंत आला आणि त्यांनी तो गिळला.

“टेस्टर चालू आहे,” ती म्हणाली. टेस्टर मख्ख काळा होता.

तोच तिने बोर्डाला लावला, वीज बंद असल्याचं जाहीर केलं आणि उघडी तार चिमटीत धरली. बोर्ड मेलेला आहे हे माहीत असूनही सर ताडकन उठले आणि त्यांनी तिचा हात ओढून काढला. मग तोच टेस्टर पुन्हा सॉकेटमध्ये घालून तिला खाली बघायला लावलं. ती बघत राहिली. चेहऱ्याचा रंग उतरला.

“नापास,” सर म्हणाले.

तिने ओठ दाबून धरले, पण डोळे भरून आलेच. मग वर्गात कधीही न वापरलेला शब्द तिने वापरला.

“मामा, वर्षभर मी हेच म्हणत होते आणि तुम्ही मला पैकीच्या पैकी देत होतात. तुम्ही तरी कधी टेस्टरकडे बघितलंत?”

सरांनी वर्षभर फक्त ऐकलं होतं. बोलणं अस्खलित असलं की शिकणं झालं, असं धरून चालले होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते तिच्यामागोमाग बाहेर आले. पोरीच्या चेहऱ्यावरून भावोजींना कळायचं ते कळलं. ते उठले, चपला घातल्या, चल म्हणाले. सरांनी चूक माझीही आहे, तिला आणखी सहा महिने द्या, असं काहीबाही सुरू केलं. भावोजींनी हाताने थांबवलं. एका वर्षाचं ठरलं होतं, वर्ष संपलं.

“बाबा,” पोरगी म्हणाली, “मामाने आज मला पास केलं असतं, तर सोमवारी खांबावर मी मेले असते.”

भावोजी जागच्या जागी थिजले. त्यांनी लेकीचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि बराच वेळ सोडला नाही. मग मेहुण्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, “पुढची परीक्षा कधी आहे?”