पाणी मागणारं गाणं

अरिग्नोतसने जितकी शोकनाटकं स्पर्धेत उतरवली, तितक्यांदा तो तिसरा आला. स्पर्धेत नाटककार तिघेच असतात, ही आठवण त्याची बायको लिसिला अधूनमधून करून देत असे.

शेवटच्या नाटकाला तर अख्खं अथेन्स हसलं. पडलेल्या नगरातल्या बंदिवान बायका देवांकडे न्याय मागायचा सोडून घोटभर पाणी मागतात, हे कसलं शोकनाटक? कुणीतरी रिकामी पखालच त्याच्या अंगावर फेकली होती.

पुढच्या उत्सवासाठी नगरप्रमुखाकडे गायकवृंद मागायचा आज शेवटचा दिवस. वृंद नाही तर नाटक नाही. नवं नाटक तयार होतं, पण अरिग्नोतस सकाळपासून अंगणात ऑलिव्ह निवडत बसला होता.

"जात नाही मी. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

तेवढ्यात दारात एक हाडांचा सापळा येऊन उभा राहिला. कपाळावर घोड्याच्या आकाराचा डाग होता, अथेन्सच्या सैन्याला हरवणारे सिराक्यूजवाले युद्धकैद्यांना देतात तसा.

"ओळखलंत का, गुरुजी? तुमच्या वृंदातला द्रोमियास."

"अरे, तू! कायम चुकीचा पाय पुढे टाकायचास!"

"तोच मी." द्रोमियास उंबऱ्यातच बसला. "तिथल्या दगडखाणीत कोंडलं होतं आम्हाला. ते लोक आपल्या नाटकांचे वेडे. मोठ्या कवींची गाणी येतील त्याला भाकरी मिळायची. मला मेल्याला फक्त तुमचंच पाठ."

"झालं!" लिसिला पुटपुटली.

"उन्हाने माणसं पटापट मरत होती, वहिनी. मी ते पाण्याचं गाणं धरलं. शेजारचे म्हणू लागले, मग पलीकडचे. सगळी खाण गात होती. पहारेकऱ्याने विचारलं, कुणाचं रे हे? मी गुरुजींचं नाव सांगितलं. तो गेला, आणि आला तो भरलेल्या पखाली घेऊनच."

त्याने वाकून अरिग्नोतसच्या गुडघ्यांना मिठी घातली. "जिवंत आहे तो तुमच्यामुळे."

अरिग्नोतसला भडभडून आलं. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते आज हा पोरगा घरी आणून देत होता. "उपकार तुझेच रे," एवढंच त्याला बोलता आलं.

लिसिलाने डोळे पुसले आणि नवऱ्याच्या खांद्यावर अंगरखा टाकला. "उठा आता. नगरप्रमुख जेवायला गेला म्हणजे?"

दाराशी जाऊन अरिग्नोतस वळला. इतका वेळ ओठांवर आलेलं त्याने विचारलंच.

"गाताना कुणी हसलं नाही ना रे?"

"गाताना कुणी नाही, गुरुजी. पाणी प्यायल्यावर मात्र सगळेच हसलो."