छत्रीची आठवी पाकळी

मी एक जुना लाकडी त्रिकोण आहे. छत्र्यांच्या दुकानात खिळ्याला टांगलेला असतो. मित्रांनो, छत्रीचं कापड म्हणजे टोकाशी टोक जुळवून शिवलेले आठ त्रिकोण. त्या पाकळ्यांचा मी साचा.

सुताराने मला फळीतून कापलं, तेव्हा दोन बाजू लांब आणि सारख्या ठेवल्या, तिसरी आखूड. छत्रीवाल्या मावशींनी वर्षानुवर्षं माझ्या कडेने खडू फिरवला. प्रत्येक पाकळी माझ्याशी एकरूप निघे. एकीवर दुसरी ठेवली तर कड बाहेर डोकावत नसे.

"नवऱ्यापेक्षा हा सरळ," मावशी म्हणायच्या. मी आतल्या आत फुलायचो.

पुढे मावशींची नजर मंदावली. माझ्यावर धूळ साठली. दुपारी मला स्वप्न पडायचं, की मी आठ झालोय आणि वाऱ्यावर तरंगतोय.

मग कारखान्यातलं काम सुटलेली भाची आली. मावशींनी नवऱ्याने आणलेलं शेवटचं निळं कापड काढलं. "माझ्यासाठी छत्री कर. जमली तर दुकानाची किल्ली तुझी. नाही तर विकून टाकते."

भाचीने पहिली पाकळी माझ्यावरून कापली. दुसरी मात्र पहिलीवरून, तिसरी दुसरीवरून. दर वेळी कात्री तिन्ही बाजूंनी रेघेच्या किंचित आत. मी बघत होतो, पण लाकडाला कुठलं तोंड? आठवी पाकळी बोटभर लहान निघाली.

"मावशी, वाट लागली गं. कापड संपलं."

मावशींनी पाकळ्या चाचपल्या. "टोकं बघ. कोन तेच आहेत. अंगाने आक्रसल्यात, चेहरा तोच. समरूप आहेत."

"एकरूप नाहीत ना पण."

"मग करू. सगळ्यात धाकटीच्या मापाने."

सातही पाकळ्या आठवीएवढ्या झाल्या, काड्याही तेवढ्याच आखूड केल्या. छत्री उघडली. दुकानभर निळा उजेड पसरला, माझ्या धुळीवरसुद्धा.

मावशी ती घेऊन उन्हात जाऊन आल्या. "डावा खांदा भाजला," म्हणाल्या. "छत्री बोटभर कमी पडली, ती चूक तुझी. यापुढे प्रत्येक पाकळी ह्या लाकडी साच्यावरूनच काढायची. नकलेची नक्कल नाही."

मित्रांनो, तुमच्या घरातही असं एखादं मूळ माप धूळ खात असेल. त्याला अधूनमधून पुसा, त्याच्याकडे परत जा.

त्या संध्याकाळी भाचीने मला ओल्या फडक्याने पुसलं. खिळ्यावर माझ्याशेजारी मावशींनी दुकानाची किल्ली अडकवून ठेवली होती. दार लावताना तिने ती काढून घेतली.