बानूबाईंच्या बोटाखाली

मी कागदाची एक पट्टी बोलतेय. लांबीला तुमच्या करंगळीएवढी, आणि काम आयुष्यात एकदाच करायचं.

लग्नपत्रिका छापतात ना, तशीच जाळीतून कार्बनची शाई दाबून प्रगतीनं मला पुण्याच्या प्रयोगशाळेत छापलं. प्रगती शिरूरजवळच्या न्हावरे गावची. माझ्या टोकाला तिनं रक्तातलं इन्सुलिन पकडणारी प्रथिनं चिकटवली. इन्सुलिन जितकं जास्त अडकेल, तितकी माझ्यातली वीज मंदावते, आणि जोडलेलं छोटं यंत्र आकडा दाखवतं. चरबी वाढून शरीर साखर आवरताना दमायला लागलं, की हा आकडा चढतो. मधुमेह होण्याच्या बराच आधी! मी दोन कप चहाच्या किमतीत बसले पाहिजे, हा प्रगतीचा हट्ट.

माझी परीक्षा घ्यायला ती मला गावी घेऊन आली. सकाळी बायका उपाशीपोटी जमल्या आणि त्यांनी प्रगतीच्या शेजारच्या गिताबाईंनाच पुढं ढकललं. गिताबाई अंगानं भरलेल्या.

"आधी हिचं बघा गं, मशीन पुरंल का?"

हशा पिकला. गिताबाईंनी मान खाली घालून बोट पुढं केलं. थेंब माझ्या एका बहिणीवर पडला.

"मावशी, तुमचं एकदम ठीक आहे," प्रगती म्हणाली.

मग तिनं आपल्या आईला, बानूबाईंना बसवलं.

"मला काय हुतंय? अंगावर मांस तरी हाय का माझ्या?"

हातपाय खरंच काटकुळे, पोट तेवढं सुटलेलं. तरी लेकीच्या शब्दाखातर त्यांनी बोट दिलं. तो ऊबदार थेंब मी प्यायले आणि माझी वीज मंदावतच गेली.

आकडा बघून प्रगतीचा चेहरा उतरला. "पट्टीच खराब निघाली असेल," असं म्हणून तिनं मला बाजूला सारलं. फार लागलं मला ते.

"गिताची खरी आन् माझीच खोटी व्हय?" बानूबाई म्हणाल्या. "काय आसंल ते सांग. मी न्हाई भीत."

दुसऱ्या पट्टीनंही तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं मायलेकी शिरूरला दवाखान्यात गेल्या. तिथल्या तपासणीतही इन्सुलिन वाढलेलंच निघालं. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आलात. चालणं वाढवा, जेवण बदला. अजून सगळं हातात आहे."

त्याला चार महिने झाले. बानूबाई रोज गिताबाईंबरोबर कालव्यापर्यंत चालतात. परवाच्या तपासणीत त्यांचा आकडा चांगलाच खाली आला. प्रगती प्रयोगशाळेत धावत येऊन ओरडून सांगत होती, तेव्हा नोंदीसाठी जपून ठेवलेल्या पाकिटात पडून मी ऐकत होते.

उद्या रक्त लागलेल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून मी जळायला जाणार. वापरलेल्या पट्टीचं तेच होतं, त्याचं दुःख नाही. जाता जाता एवढंच सांगते. कुणाच्या अंगाकडं बघून हसू नका, आणि स्वतःच्या बारीक अंगावर विसंबू नका. माझी एखादी बहीण तुमच्या दारी आली, तर उपाशीपोटी पाच मिनिटं बसा आणि बोट पुढं करा. ती खरं सांगेल. येते मी.