विटकरी की काळी

माझा घरी जायचा रस्ता बेबीताई लोहारांनी गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात उभा केला होता. रस्ता दहा फुटी, म्हणून गुंडाळीही दहा फूट उंच होती. तिचं वरचं टोक पत्र्याला टेकलं होतं. मध्यावर काथ्याचा दोर बांधला होता. बाहेरच्या पदरावर फाट्याजवळचा दगड दिसत होता, आडवा झालेला. त्यावर चौदा किलोमीटर लिहिलं होतं.

"गाडी पुरी झाल्याशिवाय रस्ता उलगडता येत नाही," बेबीताई म्हणाल्या. "मडगार्डांचं तेवढं सांगा. रंगवायची की काळीच ठेवायची?"

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

माझी जीप जुनी आहे, विटकरी रंगाची. वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या पठारावर, दुसरी गाडी चालत नाही. तिची पत्र्याची मडगार्डं गंजून गेली होती. बेबीताईंनी फायबरची नवी बसवली. ती काळी होती, हाताला खरखरीत लागणारी. चारही नीट बसली होती. रंगाचंच काय ते राहिलं होतं.

"रंगवली तर गाडी एकसारखी दिसेल," त्या म्हणाल्या. "पण झुडूप घासलं की ओरखडा उठून दिसणार. काळ्यावर काही दिसत नाही. उन्हानं राखाडी पडतात, तेवढंच."

"लोक काय करतात?"

"लोकांनी आपापलं सांगितलं. ही गाडी तुमची आहे, कणसे."

मी पवनचक्क्यांच्या कंपनीत आहे. सड्यावर कंपनीची बारा क्वार्टर्स आहेत. चक्क्यांवर आता कुठल्याशा शहरातून पडद्यावर नजर ठेवतात, त्यामुळे अकरा क्वार्टर्स रिकामी झाली. बाराव्यात मी आणि माझी बायको प्रमिला राहतो. मुलगी लग्न होऊन गेली त्यालाही नऊ वर्षं झाली.

गॅरेजच्या भिंतीवर फोन होता. मी घरी लावला.

"मडगार्डं रंगवून घेऊ का?" मी विचारलं.

पलीकडून नुसता वारा ऐकू येत होता. थोडा वेळ थांबून मी फोन ठेवला. दुपारी चार वाजता तो वाजला आणि प्रमिलाचा आवाज आला, "तुम्हाला हवं तसं करा."

"आवाज रस्त्यानंच येतो," बेबीताईंनी सांगितलं. "गुंडाळलेला आहे ना, सगळे वेढे फिरून यावं लागतं त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, "पण तुला काय वाटतं?" दुपारी उत्तर आलं, "मला काय कळतंय त्यातलं." घरीही आम्ही असंच बोलायचो. इथे वेळ लागत होता, इतकाच फरक.

मी गॅरेजमध्येच राहिलो. बेबीताईंनी एका गाडीची काढून ठेवलेली मागची सीट मला झोपायला दिली. दोन्ही वेळची भाकरी त्या घरून आणायच्या. दर सकाळी हात पुसत विचारायच्या, "ठरलं का?" मी म्हणायचो, "आज ठरवतो."

तिसऱ्या दिवशी एक माणूस आला. त्याचा रस्ता त्याच्या गोठ्याच्या साठ मीटर अलीकडेच संपत होता. बेबीताईंनी माझ्या गुंडाळीचा दोर सोडला, वरचा पदर अंगणात पसरला, हाताने मोजला आणि पत्रा कापायच्या कात्रीने साठ मीटर कापून दिला. त्या माणसाने तो खांद्यावर टाकला. त्याच्या पाठीवरून खडी गळत होती.

"मला विचारलं नाहीत," मी म्हणालो.

"गाडी पुरी असती तर हात लावला नसता. पडून राहिलेला रस्ता देते मी, कुणाला नड असली की."

मग रोज कुणी ना कुणी येऊ लागलं. एकाला पूल हवा होता. एकाला नुसता चढ हवा होता, त्याच्या आईला डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. सोमवारी शाळेपुढचा तुकडा गेला, बुधवारी वडापावच्या गाड्याचा. आठ दहाची एसटी रोज गुंडाळीच्या आतून हॉर्न द्यायची. गुरुवारी तो ऐकू आला नाही. गुंडाळी आधी पिंपाएवढी जाड होती, ती गव्हाच्या पोत्याएवढी झाली, मग मांडीएवढी. उंची मात्र तीच राहिली.

रस्ता कमी होत गेला तशी प्रमिलाची उत्तरंही लवकर यायला लागली. आधी दुपारी बारापर्यंत, मग तासाभरात, मग मी चहा पिऊन होईतो. उत्तर मात्र तेच असायचं.

एक शब्द बोललो असतो तर हे सगळं थांबलं असतं. तो माझ्याने बोलवत नव्हता, आणि त्याचं कारण मी बेबीताईंना सांगितलं नव्हतं.

ते कारण शनिवारी बाहेर आलं. पांढऱ्या साडीतल्या एक बाई आल्या. शाळेत शिक्षिका होत्या, निवृत्त झाल्या होत्या. चप्पल बाहेर काढून आत आल्या.

"माझा रस्ता फार सरळ आहे," त्या बेबीताईंना म्हणाल्या. "दारात उभं राहिलं की पार टोकापर्यंत दिसतो. कुणी येत नाहीये, हेही तेवढंच दिसतं. मला एखादं वळण मिळालं तर बरं होईल."

"यांच्यात एकच राहिलंय," बेबीताई म्हणाल्या आणि त्यांनी गुंडाळी आडवी पाडली.

वळण अंगणात उलगडलं. ते शेवटचं वळण होतं, क्वार्टर्सच्या थोडं अलीकडचं. आतल्या अंगाला करवंदाच्या जाळ्या होत्या. त्यांच्यात गाडी घुसवून घुसवून एक खोबण तयार झाली होती, जीपच्या मापाची. खाली टायरच्या चाकोऱ्या होत्या आणि भुईमुगाच्या टरफलांचा हा एवढा ढीग.

बेबीताई वाकून बघत राहिल्या. "इथे कुणीतरी रोज थांबतंय."

शिक्षिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही का?"

"हो."

"किती वेळ?"

"तासभर."

"कशासाठी?"

"काही नाही. इंजिन बंद करून बसायचो. मग घरी जायचो."

त्यांनी मान हलवली. कापड घेताना दुकानदाराने ते कसं धुवायचं हे सांगितल्यावर हलवावी, तशी. "टरफलं झाडून देऊ का?" बेबीताईंनी विचारलं. "असू देत," त्या म्हणाल्या. वळण सरळ गुंडाळलं जात नव्हतं. त्यांनी ते कडेवर घेतलं आणि फाट्याच्या दिशेने चालू लागल्या. करवंदाचे काटे त्यांच्या पदरात अडकत होते.

जीप जाळ्यांत घातली की वरून दिसत नाही, असं मला वाटायचं. काट्यांचे ओरखडे पुढच्या मडगार्डांवर उठायचे. सकाळी गाडी पुसताना प्रमिलाला ते दिसायचे. "हा कुठला?" ती विचारायची. "रस्त्याला झुडपं आहेत," मी सांगायचो. ती फडक्यावर खोबरेल घ्यायची आणि ओरखड्यावर चोळायची. दोन वर्षं ती प्रत्येक ओरखड्याला विचारत होती. मग विचारायची थांबली, नुसतं तेल चोळायची. मग गाडी मीच पुसू लागलो.

काळी मडगार्डं ठेवली तर विचारण्यासारखं काही उरणार नव्हतं. रंगवली तर नवा ओरखडा दिसणार, आणि तो पाहूनही ती काही विचारणार नाही. मला या दुसऱ्या गोष्टीची भीती होती.

वळण गेलं आणि गॅरेजच्या मागच्या भिंतीतून कुकरची शिट्टी ऐकू आली. मी फोन उचलला.

"जेवलात का?" प्रमिला लगेच म्हणाली. मी अजून काही बोललोही नव्हतो.

"जेवलो. तू?"

"बसतेय आता."

तिने पाट सरकवल्याचा आवाज फोनमधूनही आला आणि भिंतीतूनही. मी फोन ठेवला आणि भिंतीजवळ जाऊन उभा राहिलो.

"प्रमिला, मी घरी येताना वळणावर थांबायचो. रोज."

ती गप्प झाली. आता मध्ये रस्ता फारसा नव्हता. गप्प तीच झाली होती.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "गच्चीवरून गाडीचा टप दिसायचा."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. पहिले काही दिवस चहा उकळून आटून जायचा. मग मी एक तास उशिरानं ठेवायला लागले."

"मग मला बोलली का नाहीस?"

"बोलत होते की. हा कुठला, हा कुठला, म्हणून किती वेळा विचारलं. तुम्ही झुडपं सांगायचात."

मी भिंतीला हात लावला. चुना गार होता. पलीकडे तिने ताटात भात वाढून घेतला. चमचा पातेल्याला लागला, तेही ऐकू आलं. मला भूक लागली होती. आत्ताच जेवलो म्हणून खोटं सांगितलं होतं.

मी बेबीताईंकडे गेलो. त्या कात्रीला तेल देत होत्या.

"रंगवा," मी म्हणालो.

"किती?"

"चारही. विटकरी."

त्यांनी कोपऱ्यात पाहिलं. गुंडाळी आता मनगटाएवढी उरली होती आणि उभी राहत नव्हती, भिंतीला कलली होती. मग त्या उठल्या, दिव्यांवर आणि टायरांवर वर्तमानपत्रं चिकटवली, आणि फवाऱ्याने एकेक मडगार्ड रंगवून काढलं. त्यांचा हात सावकाश आणि सरळ चालत होता. काळा रंग कडेकडेने आत सरकत गेला आणि संपला. गाडी एकसारखी दिसू लागली. मला ती बरी वाटली. तसं मी त्यांना म्हणालोही.

"रंग ओला आहे," त्या म्हणाल्या. "पण आता गाडी पुरी झाली, तेव्हा रस्ता थांबवून ठेवता येत नाही. बसा गाडीत."

मी स्टिअरिंगमागे बसलो. दार लावून घेतलं. त्यांनी गुंडाळी आडवी केली आणि पायाने ढकलली. ती जीपच्या खालून गडगडत गेली आणि पुढच्या बंपरपाशी संपली. रस्ता जीपच्या लांबीचा होता, वीतभरही जास्त नाही.

मागे गॅरेजचं शटर खाली आलं. ते मागच्या बंपरला टेकलं. पुढे आमचं क्वार्टर होतं. डाव्या दाराला लागून व्हरांड्याची भिंत होती, उजव्या दाराला लागून सिमेंटची पाण्याची टाकी. दोन्ही दारं मी ढकलून पाहिली. ती उघडत नव्हती. काचेपुढे सड्यावरचं दुपारचं ऊन पसरलं होतं. लांब एक पवनचक्की फिरत होती, तिच्या पात्याची सावली क्वार्टर्सच्या रिकाम्या दारांवरून एकेक करून जात होती.

आमच्या घराचं दार बाहेर उघडतं. ते उघडलं आणि पुढच्या डाव्या मडगार्डापासून बोटभर अंतरावर बंपरच्या टोकाला अडकलं. चार बोटांची फट पडली. फटीत प्रमिलाचा एक डोळा दिसला, कपाळाचा थोडा भाग, आणि कानामागे सारलेले केस. ते बरेच पांढरे झाले होते.

"आलात?" ती म्हणाली.

"आलो."

"दार उघडत नाहीये."

"माझंही नाही."

मी गाडी सुरू केली. मागे घ्यायला जागा नव्हती, पुढे घ्यायला नव्हती. मी गाडी बंद केली.

"कुठला रंग दिलात शेवटी?" तिने विचारलं. "इथून नीट दिसत नाही."

"विटकरी. ओला आहे, हात लावू नकोस."

फटीतून तिची बोटं बाहेर आली, मग मनगट, मग कोपरापर्यंतचा हात. बांगड्या दाराच्या कडेला अडकल्या. तिने हात जरा फिरवून त्या सोडवल्या. हवेत चाचपत चाचपत तिने मडगार्ड शोधलं आणि पूर्ण पंजा त्यावर टेकवला.

"गार आहे," ती म्हणाली.

"प्रमिला, हात काढ. ऊन कडक आहे, लगेच वाळेल तो."

"वाळू दे," ती म्हणाली.

मी काचेतून बघत होतो. तिच्या बोटांच्या कडेकडेने रंग घट्ट व्हायला लागला होता.